इंजिनाखालचा पत्रा

चौक गावच्या मालोजी लोहाराने उभ्या जन्मात नांगराचे फाळ, विळे आणि बैलगाडीच्या चाकांच्या लोखंडी धावा याखेरीज काही घडवलं नव्हतं. पण चव्वेचाळीस सालच्या आषाढात त्याच्या एकुलत्या मुलाचं, वाल्मिकचं, लढाईवरून पत्र आलं, आणि साठीच्या उंबऱ्यावर तो फटफटीच्या मागे लागला.

वाल्मिक ब्रह्मदेशाकडे फटफटीवरून फौजेचे निरोप पोचवत होता. शाळेच्या मास्तरांनी पत्र वाचून दाखवलं. 'इंजिनाखाली दगड लागू नये म्हणून पत्रा असतो. त्यात चिखल कोंदून बसतो. धुराच्या नळीवरचा तर भाजून विटेसारखा होतो. इंजिनाला वारा मिळत नाही, ते तापून आवळतं आणि गाडी उभी राहते. कुठे उभी राहील याचा नेम नाही. बाबा, तुम्हाला लोखंडातलं कळतं. काही सुचलं तर कळवा.'

"आजवर पोरानं मला कायच इचारलं नव्हतं," मालोजी बायकोला, अंबाबाईला, म्हणाला.

भिवपुरीच्या वीजघरातल्या एका साहेबाकडे फटफटी होती. मालोजी पावसात तिथवर चालत गेला, हातापाया पडला आणि गाडीखाली उताणा झोपून बोटांनी मापं घेऊन आला. मग त्याने लाकडाच्या ओंडक्याला इंजिनासारख्या खाचा पाडल्या, खाली पत्रा ठोकला आणि तो शेजारच्या हिरूच्या बैलांमागे बांधून खाचरातून ओढला. लावणीचे दिवस, चिखलाला तोटा नव्हता.

करंजाचं तेल फासून पाहिलं, ते चार फेऱ्यांत धुऊन गेलं. बारीक भोकं पाडली, ती बुजली. शेवटी त्याने पत्रा दोन बोटं खाली घेतला, त्यात लांबट फटी कापल्या आणि मागची कड उघडी ठेवली. चिखल आत शिरला आणि मागून गळून गेला. नळीसाठी भट्टीत लोखंडी नळी लाल करून तिच्यावर चिखल मारून पाहिला. तिथेही तेच निघालं: आडोशाचा पत्रा नळीपासून दोन बोटं लांब हवा आणि खालून मोकळा हवा.

"जमलं ना? मग धाडा की पत्र," अंबाबाई म्हणाली.

"थांब गं. लोखंडाचं काम हाय. चुकीचं सांगितलं तर पोराच्या जिवावर यील."

हिरूची बैलं मिळतील तेव्हा तो ओंडका ओढत राहिला. काळ्या चिखलात, तांबड्या चिखलात, गवताच्या मुळ्या गुंतलेल्या चिखलात. त्यात आणखी आठ दिवस गेले. मग मास्तरांकडून पत्र लिहून घेतलं, आकृती काढून घेतली आणि स्वतः कर्जतच्या टपालात टाकून आला.

भाद्रपदात तार आली. वाल्मिक कामी आला होता.

अंबाबाईने टाहो फोडला. मालोजी रडला नाही. तो भट्टीपाशी जाऊन बसला आणि भट्टी पेटवायचं विसरला.

नवरात्रात भिवाजीचं पत्र आलं. भिवाजी वाल्मिकच्याच तुकडीत, कर्जतकडचा. मास्तर वाचू लागले. 'काका, एकोणीस तारखेला वाल्मिकची गाडी चिखलाने तापून अडकली. तो खाली बसून काठीने पत्र्यातला चिखल काढत होता, तेवढ्यात गोळा पडला. तुमचं पत्र तेविसाला आलं. मी ते साहेबांना दाखवलं. आता आमच्या सगळ्या गाड्यांचे पत्रे तसे कापलेत. त्यानंतर एकही गाडी अडकली नाही. साहेबांनी तुमचं नाव विचारलं.'

ऐकायला जमलेली माणसं हळहळली. "किती पोरं वाचली मालोजीदादा," हिरू म्हणाला.

"मास्तर, कवा आलं म्हणता पत्र?"

"तेवीस तारखेला."

"आनि पोरगं?"

मास्तरांनी कागदाची घडी घातली. "एकोणीस. टपाल काय कुणाच्या हातात असतं, मालोजी?"

मालोजीने बोटांवर मोजलं. चार. त्याने पुन्हा मोजलं. मग मान वर करून अंबाबाईकडे पाहिलं. तीही मोजत होती. तिने हात पदराखाली घेतला आणि उठून आत गेली. तिने दोन शब्द सुनावले असते तर ते त्याला सोसले असते. पण ती त्या दिवशी बोलली नाही, नंतरही कधी त्यावर बोलली नाही. ताट वाढायची, पाणी ठेवायची आणि पाठ करून बसायची.

मास्तर दोनदा येऊन गेले. "भिवाजीला उत्तर काय लिहू?"

तिसऱ्यांदा आले तेव्हा मालोजी म्हणाला, "लिवा, तुजं पत्र पोचलं."

"आणखी?"

"आनखी काय नाय."

कापणी तोंडावर आली, तसे लोक विळ्यांना धार लावायला येऊ लागले. मालोजी विळा हातात घ्यायचा, पात्यावरून अंगठा फिरवायचा आणि परत द्यायचा. "बरा हाय की," म्हणायचा. विळा बोथट असायचा. आठवडाभराने लोक खालापूरच्या लोहाराकडे जाऊ लागले.