किन्हीराजाच्या वळणापर्यंत

मी एक जुनी मोटारसायकल आहे, मित्रांनो, आणि किन्हीराजा गावातल्या एका गोठ्यात दोन बैलांच्या शेजारी उभी आहे. गावात मला मोटारसायकल कोणी म्हणत नाही. इथे मी फटफटी.

माझा जन्म विलायतेत, बर्मिंगहॅम शहरातल्या एका कारखान्यात झाला. माझ्या काळ्या टाकीवरची सोनेरी रेघ एका म्हाताऱ्या कारागिराने हाताने ओढली. रेघ पुरी होईपर्यंत तो श्वास रोखून धरी. मग मला लाकडी खोक्यात घालून बोटीवर चढवले. मुंबईहून रेल्वेने मी वाशीमला आले. कापसाच्या जिनिंग कारखान्यात यंत्रे बसवायला आलेल्या एका इंग्रज साहेबांनी मला मागवले होते. त्यांनी मला नीट वापरले, वेळेवर तेल घातले. पण त्यांच्या लेखी मी एक वाहन होते. काम संपल्यावर ते मायदेशी निघाले आणि मला विकायला काढले.

ज्यांनी मला घेतले त्यांचे नाव पुंजाजी. ते किन्हीराजाचे शेतकरी. कापसाची गाडी घेऊन ते कारखान्याच्या आवारात रांगेत थांबले होते, तेवढ्यात साहेबांच्या शिपायाने मला सुरू केले. पुंजाजी गाडीवरून उतरले आणि माझ्याजवळ येऊन उभे राहिले. त्यांनी डोळे मिटले होते. मागचे गाडीवान ओरडत होते, "अवो, झोपले का? गाडी पुढं घ्या ना!" पुंजाजी हलले नाहीत.

त्या वर्षी त्यांच्या घरावर नवे पत्रे पडायचे होते. त्याऐवजी मी आले. पुंजाजींच्या पत्नीने, तुळसाबाईंनी, मला दारात पाहिले.

"पत्रे कुठं हायेत?"

"हे पाय ना. हे पन लोखंडच हाये."

"मंग पावसाळ्यात हेच डोक्यावर घेऊन झोपू काय मी?"

असे म्हणाल्या, तरी त्यांनी माझ्या चाकावर पाणी ओतले आणि टाकीला हळदकुंकू लावले. तो डाग सोनेरी रेघेच्या शेजारी अजून आहे.

मित्रांनो, मला खूप माणसांनी चालवले नाही, पण एका माणसाने मला खूप जीव लावला. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांच्या खांद्यांना तूप-हळद चोळून झाली की पुंजाजी उरलेले तूप माझ्या पुढच्या चाकाच्या दोन दांड्यांना चोळत. वाशीमला सैफुद्दीन नावाचे त्यांचे मित्र होते. त्यांचे सायकलींचे दुकान होते आणि तेही फटफटीचे वेडे. दोघे भेटले की बाजार बाजूला राही आणि कोणत्या कंपनीची फटफटी भारी यावर वाद चाले.

"नॉर्टन म्हंजे नॉर्टन, पुंजाजी. तिच्यापुढं तुमची ही म्हैस हाये."

"म्हैस दूध देते, सैफूभाई. तुमचं नॉर्टन तुमी चित्रातच पायलं ना?"

पुंजाजींचे कान तर विलक्षण होते. ओट्यावर बसल्या बसल्या सडकेवरून जाणारी गाडी ते न पाहता ओळखत. एकदा एक फौजदार नव्याकोऱ्या ट्रायंफ फटफटीवरून जवळच्या मालेगावकडे गेला. थोड्या वेळाने पुंजाजी म्हणाले, "पानी तापव वो. पाव्हना येऊन राह्यला." आणि खरोखरच फौजदार घाम पुसत, पायी, पेट्रोल मागायला दारात आला.

त्यांची मुलगी गोजरा तेव्हा लहान होती. तिने विचारले, "बाबा, तुमाले कसं समजलं?"

"लांब गेलेल्या गाडीचा आवाज इरघळते, पोरी. पेट्रोल सरलेल्या गाडीचा तीनदा खोकलते अन् तुटते."

हे वाक्य तुम्ही लक्षात ठेवा. मी ते विसरू शकलेले नाही.

गोजरा माझ्याकडे फार पाही. पुंजाजी मला सुरू करत तेव्हा ती ओट्यावरच्या उखळावर बसून त्यांच्या मागोमाग सगळे करी. आधी पेट्रोलची तोटी उघडायची. मग कार्बोरेटरची गुंडी बोटाने दाबायची. डाव्या मुठीजवळचा छोटा खटका मागे घ्यायचा, म्हणजे ठिणगी उशिरा पडते. मग लाथ. उखळावरून तिचा पाय हवेत मारला जाई. सैफुद्दीननी तिला दुकानासमोर भाड्याची सायकलही शिकवली होती. पण माझ्याजवळ ती आली की पुंजाजी म्हणत, "हात नोको लावू. उलटी लाथ मारते थे, पाय मोडन तुया." ते खोटे नव्हते. एकदा मी त्यांचाच घोटा सुजवला होता. मला तिला सांगावेसे वाटे, "ये, मी सांभाळून घेईन." पण मला सांगता येत नाही.

गोजरा मोठी झाली, लग्न होऊन सासरी गेली. मग दुसऱ्या महायुद्धाची लढाई आली. सैफुद्दीन फौजेत मोटारी दुरुस्त करायला भरती झाले आणि दूर कुठेतरी निघून गेले. पेट्रोलला कुपन लागू लागले, पुढे कुपनही मिळेना. सडकेवरची प्रवासी सर्व्हिस मोटार कोळशाच्या धुरावर चालू लागली. ती येई तेव्हा येई. पुंजाजींनी मला गोठ्यात आणून मागच्या स्टँडवर उभे केले. त्यांच्याजवळ एक डबा पेट्रोल उरले होते, वाशीमला जाऊन परत येण्यापुरते. त्यांनी माझ्या टाकीतला शेवटचा थेंबही काढून त्या डब्यात घातला, झाकणाला मेण लावले आणि डबा वर माळ्यावर ठेवला.

"कायले ठेवता? जाळून टाका एकदाचं," तुळसाबाई म्हणाल्या.

"वेळ काई सांगून येते काय? राहू दे."

मग त्यांनी माझी टाकी आतून जुन्या धोतराने पुसून कोरडी केली. गंज चढू नये म्हणून. मित्रांनो, त्यांनी ते किती मायेने केले ते मी पाहिले आहे. पण माझ्या तोटीच्या आत एक लहानसे बूच असते. ते पेट्रोलमध्ये भिजलेले असले की फुगून राहते आणि वाट घट्ट बंद करते. कोरडे पडले की आकसते. माझे बूच त्या गोठ्यात वर्षानुवर्षे कोरडे होत गेले, आणि ते कोणालाच दिसले नाही.

दिवाळीला गोजरा माहेरी आली होती, तेव्हा पुंजाजी आजारी पडले. आधी थंडी वाजली, मग ताप, मग छातीत दुखू लागले. देवी टोचायला गावात आलेल्या माणसाने त्यांची छाती ऐकली आणि गोजराला ओट्यावर बोलावून सांगितले, "नमोनिया हाये. वाशीमच्या दवाखान्यात नव्या गोळ्या आल्या. आजच्या आज भेटल्या तं माणूस वाचते." शेजारचे शालिग्राम औषध आणायला उजाडताच दमणी, म्हणजे हलकी बैलगाडी, जुंपून वाशीमला निघाले होते, पण दमणीचे बैल किती धावले तरी ते उद्याच परत येणार. गावात सायकल एकच होती, मास्तरांची, आणि मास्तर दिवाळीच्या सुटीत सायकलीसकट आपल्या गावी गेले होते. सर्व्हिस मोटार दोन दिवस आलेलीच नव्हती.

गोजरा गोठ्यात आली. तिने माझ्यावरचे पोते ओढून काढले.

"काय करून राह्यली तू?" तुळसाबाई मागोमाग आल्या.

"माय, डबा काढ माळ्यावरचा."

"तुले येते काय हे?"

"पायलं हाये मी."

"पाह्यल्यानं येते काय, बाई? मी जलमभर तुया बापाले बीडी पेताना पायलं. मले येते काय पेता?"

पण त्यांनी डबा काढून दिला. गोजराने सगळे पेट्रोल माझ्या टाकीत ओतले. त्याच क्षणी मला माझ्या पोटाखाली ओल लागली. तोटी बंद होती, तरी तिच्या मुळाशी थेंब धरला, सुटला, पुन्हा धरला. खाली बैलांचे कुटार, म्हणजे बारीक भुसा, पसरलेले होते. थेंबाचा आवाज झाला नाही, डाग पडला नाही. कुटार पेट्रोल पीत राहिले.

गोजराने पदर खोचला. तिने खटका मागे घेतला, गुंडी दाबली, लाथ मारली. मी उलटी लाथ मारली नाही. तेवढे मला जमले. पुन्हा, पुन्हा, आणि मग इतक्या वर्षांचा कफ फोडून माझा आवाज निघाला. बैल बुजले. स्टँडवर माझे मागचे चाक हवेत गरगर फिरू लागले.

घराचे दार समोरच होते. आतल्या बाजेवरून पुंजाजींचा तुटक आवाज आला. "कोन हाये?"

"मी हावो, बाबा! गोजरा!"

आता रागावतील असे मला वाटले. मग ते म्हणाले, "ठिणगी पुढं घे. तापून राह्यली थे."

आणि मित्रांनो, जे त्यांनी इतकी वर्षे शिकवले नव्हते ते त्या सकाळी बाजेवर पडून शिकवले. एक वाक्य, मग श्वास, मग दुसरे वाक्य. गोजरा दारापर्यंत धावत जाई, ऐके, परत येऊन करून पाही. डाव्या हाताने काय दाबायचे. टाकीजवळचा गिअरचा दांडा कधी पुढे ढकलायचा. हळू सोडायचे, एकदम नाही. तिने मला स्टँडवरून उतरवले, मी तिच्यासह आडवी झाले, तिचे कोपर फुटले. आतून त्यांनी आवाजावरूनच ओळखले.

"पाडली ना?"

"हो."

"लागलं काय तिले?"

"मले लागलं, बाबा!"

"तू बरी होशीन. तिचे पार्ट भेटत नाई," ते म्हणाले आणि हसले. हसता हसता खोकला आला, तो बराच वेळ थांबला नाही.

या सगळ्या वेळात थेंब सुटतच होते. ऊन गोठ्याच्या आढ्यावरून खाली आले. तुळसाबाई एकदा नाक दाबून म्हणाल्या, "केवढा वास येऊन राह्यला बाप्पा हा!"

"असाच येते तो, माय," गोजरा म्हणाली.

पुंजाजी माझ्याजवळ असते तर त्यांनी एका वासात ओळखले असते. पण ते आत होते आणि त्यांना श्वासच घेता येत नव्हता. मी जेवढी ओरडू शकत होते तेवढी ओरडत होते. माझा तो आवाज सगळ्यांना आनंदाचा वाटत होता.

शेवटी गोजरा माझ्यावर बसली. "बाबा, येतो मी."

"पुलावर हळू घे," ते आतून म्हणाले.

आम्ही निघालो. अंगणातून, मारुतीच्या देवळावरून, पोरे मागे धावत. गोजराने मला सरळ ठेवले. सडकेवर बाभळीचे वळण आहे. तिथे ती वळली, आणि माझ्या टाकीत काही उरले नाही. मी तीनदा खोकले. मग थांबले.

गोजराने लाथ मारून पाहिली. टाकीचे झाकण उघडून आत पाहिले. मग ती वाकली आणि तिने तोटीला बोट लावले. बोट ओले झाले. ती बराच वेळ त्या बोटाकडे पाहत राहिली. गाव मागे दिसत होते. तिने मला बाभळीला टेकवले आणि वाशीमच्या दिशेने पायी धावू लागली. ती दिसेनाशी होईपर्यंत मी पाहिले. मला चाके होती, आणि मी तिथे उभी होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी शालिग्रामांची दमणी वाशीमहून गोळ्या घेऊन परत आली. वाटेत त्यांना गोजरा भेटली होती; ती आत बसली होती आणि गोळ्यांची पुडी तिच्या मुठीत होती. वळणावर गावाकडून बायकांच्या रडण्याचा आवाज आला. शालिग्रामांनी बैल थांबवले. गोजरा खाली उतरली आणि माझ्या टाकीवर हात ठेवून उभी राहिली.

मला माणसांनी ढकलत गोठ्यात आणले. तेराव्यापर्यंतचे दिवस झाल्यावर एका सकाळी तुळसाबाई आणि गोजरा ओट्यावर बसल्या होत्या, तेव्हा मी हे ऐकले.

"आवाज बंद झाला तशी मी त्यायले पुसलं, काय झालं वो? तं म्हनले, काई नाई. लांब गेली पोरगी, आता आयकू येत नाई. अन् डोये मिटून पडले, चांगले हासत." तुळसाबाईंनी पदराने डोळे पुसले. "फटफटी बंद पडली हे त्यायले समजलं नाई, थे बरं झालं, बाई."

गोजरा माझ्याकडे पाहत होती.

"हो, माय," ती म्हणाली. "बरं झालं."

पण ज्या माणसाने न पाहता फौजदारासाठी पाणी तापवायला सांगितले, त्याला माझे तीन खोकले ऐकू आले नसतील का? त्यांना कळले होते. त्यांनी ते तुळसाबाईंना कळू दिले नाही. हे गोजराला माहीत आहे आणि मला माहीत आहे, आणि आम्ही दोघी ते एकमेकींना सांगू शकत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरातही कोणी एखादी वस्तू जिवापाड जपत असेल. ते तुम्हाला हात लावू देणार नाहीत. रागावू नका, त्यांच्याजवळ जाऊन बसा आणि विचारा, ही कशी चालते? ते नको म्हणतील. पुन्हा विचारा. आणि तुमच्या हातात काही जपायला आले, तर त्याला कोरडे ठेवू नका.

लढाई संपली. पेट्रोल पुन्हा मिळू लागले. सैफुद्दीन फौजेतून परत आले आणि त्यांनी माझे बूच बदलले. आता गोजरा माहेरी आली की माझ्या टाकीत पेट्रोल घालते आणि मला स्टँडवरच सुरू करते. मागचे चाक हवेत फिरते, बैल आता बुजत नाहीत. थोड्या वेळाने ती वाकून तोटी बंद करते आणि ओट्यावर, जिथे बाबा बसत तिथे, डोळे मिटून बसते. माझ्या कार्बोरेटरमध्ये उरलेले तेवढे जळून जाते. मी तीनदा खोकते आणि थांबते.

गोजरा तेवढे ऐकते. मग उठून घरात जाते.