गोड शे पाणी

माझ्या मालकाचं नाव वना. बाईनं नवऱ्याचं नाव घेतलं म्हणून कोणाला नाक मुरडायचं असेल तर खुशाल मुरडा. तमाशात सोंगाड्या होते. शिरपूरपासून नशिराबादपर्यंत लोक आधी विचारायचे, फडात वना आहे का, आणि मग तिकीट काढायचे.

ब्याण्णव साली झेडपीची निवडणूक लागली. आमचे सरपंच रुपचंद नाना उभे राहिले. गावात दोन गट, इतके पेटलेले की एकाच्या चक्कीवर दुसऱ्याचं दळण घेत नव्हते. त्यात नानांनी नळयोजनेचं उद्घाटन काढलं. नळ उघडला, तर थेंब नाही. फोटोवाला ताटकळलेला. नानांनी रिकामाच तांब्या तोंडाला लावला, मिशा पुसल्या आणि म्हणाले, "गोड शे पाणी." पाणी गोड आहे म्हणे!

आमच्या यांना तेवढंच पुरे होतं. गावच्या जत्रेत यांनी तसाच रिकामा तांब्या पिऊन दाखवला, वर ढेकर दिला. महिनाभर एकमेकांचं तोंड न बघणारे दोन्ही गट मांडीला मांडी लावून हसले.

नानांनी अर्ज दिला, वना गावात भांडणं लावतो. तालुक्याच्या ठाण्यात यांना दोन दिवस ठेवलं. परत आले तेव्हा पुढचे चार दात नव्हते. बोलले की नुसती हवा जायची आणि समोरचा फिसकन हसायचा. उभी हयात लोकांना हसवलं त्या माणसानं, पण हे हसणं त्यांना सोसलं नाही. बोलणंच सोडलं. भाकरीसुद्धा हातानं मागायचे. आणि नाना? निवडून आले, गुलाल लावून फिरत होते. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. याला रडवल्याशिवाय राहायचं नाही, असं मी मनाशी धरलं.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी माहेरी गेले. माहेर नदीच्या पल्याड, सासरच्या अगदी समोर. आमच्याकडे त्या दिवशी गौराई नदीत बोळवली की दोन्ही गावच्या बाया आपापल्या काठावर उभ्या राहतात आणि एकमेकींचा उद्धार करतात. बार खेळणं म्हणतात त्याला. शिव्या, सोंगं, ढेकळं, सगळं चालतं. त्या दिवशीचं कोणी मनावर घ्यायचं नाही, आणि पुरुषानं मध्ये पडायचं नाही. नाना त्यांच्या काठावर खुर्ची टाकून बसले होते, शेजारी बंदोबस्ताचे हवालदार धनसिंग. हे लांब बाभळीखाली बसलेले.

मी यांचं धोतर नेसले, फेटा बांधला, पोटाला उशी बांधली आणि तांब्या घेऊन वाळूत उतरले. नानांसारखी डुलत चालले. हवेतच नळ उघडला. वाट पाहिली. तांब्या तोंडाला लावला.

"गोड शे पाणी!"

समोरून मला शिव्या यायला हव्या होत्या. पुढे नानांची सख्खी बहीण भागाबाई होती, माहेरपणाला आलेली. तिनं तोंडाला पदर लावला आणि खाली बसून हसत सुटली. मग दोन्ही काठ हसले.

नाना उठले. "उचला तिले."

धनसिंग म्हणाले, "नाना, आज कशी उचलू? आखाजी शे."

मी परत तांब्या वर केला आणि ढेकर दिला. नानांनी वाकून दगड उचलला आणि भिरकावला. तो माझ्या ओठावर बसला. पुरुषानं बारमध्ये दगड टाकलेला आमच्या आजीनंही पाहिला नव्हता. मी दात थुंकला आणि रक्ताच्या तोंडानं म्हणाले, "गोड शे, नाना."

दोन्ही गावच्या बाया माझ्यासोबत ठाण्यात आल्या. भागाबाई सर्वांत पुढे. तिनं सख्ख्या भावाविरुद्ध साक्ष दिली. नानांनाही बोलावून उभं केलं.

साहेबानं विचारलं, "नेमकं काय झालं?"

आमच्यामागून आलेले हे कोपऱ्यातून उठले. दोन महिन्यांत पहिल्यांदा तोंड उघडलं. "शाहेब, मी करीशन दखाडश." करून दाखवतो म्हणाले.

आणि तिथंच, जिथं दात पडले त्याच फरशीवर, नाना उभे केले यांनी. खुर्चीतून उठणं, "उचला तिले", वाकणं, दगड. हवा जात होती, माझ्याकडून घेतलेल्या फेट्याचं टोक लोंबत होतं. बठ्ठं, अख्खंच्या अख्खं ठाणं हसलं. साहेब टेबलावर डोकं ठेवून हसला. नानांची मान खाली गेली ती वर आली नाही.

ज्या शिपायानं यांचे दात पाडले तो दाराशी उभा होता, यांनी डोळ्यानंच मला दाखवला. तोही पोट धरून हसत होता. जाता जाता मी त्याच्या छातीवरचं नाव वाचून घेतलं. आखाजी काय, दरवर्षी येते.