मोहरीच्या टाकीत

त्या वर्षी मोहरी जरा ओलसरच कापली गेली. शेत दिराचं, आणि त्याची तपकिरी मोहरी व्हिनेगरमध्ये फेसून बाटल्या भरायचा कारखाना वहिनीचा. मोठा भाऊ गेल्यापासून दोघांनी मिळून धंदा रेटला होता.

सकाळी टाकीतून जात्यावर पडणारी मोहरी एकाएकी थांबली. ओलीने आत गठ्ठा धरला असणार, म्हणून दीर काठी घेऊन वर चढला. "थांब, आधी खालची झडप लावते," असं वहिनी म्हणेपर्यंत तो आत उतरलाही.

मोहरी पुन्हा धो धो पडू लागली. वहिनीला हायसं वाटलं, तोच आतून हाक आली. आवाज त्याचा वाटतच नव्हता.

तिने झडप लावली आणि शिडी चढली. दीर छातीपर्यंत रुतला होता.

"वहिनी, पाय कुठेच टेकत नाहीत."

"हलू नकोस."

टाकीवर आडव्या टाकलेल्या फळीवर पालथं पडून तिने त्याच्या काखेत हात घातले आणि ओढलं. तो जागचा हलला नाही; कडेची मोहरी मात्र सुळकन घसरून त्याच्या खांद्याशी आली. तिने ओढणं थांबवलं. आपणच याला बुडवतोय की काय?

"श्वास सोडला की आवळतंय," तो म्हणाला. "पुन्हा तेवढा घेता येत नाही."

"मग थोडा थोडा घे. बोलू नकोस."

तिच्या हाका ऐकून शेजारचे सुतारमामा आले. आत डोकावताच त्यांचा चेहरा पांढराफटक पडला, पण ते धावत जाऊन फळ्या घेऊन आले. दोघांनी दिराभोवती त्या उभ्या खुपसल्या, कडेची मोहरी अडवली आणि आतली डब्याने उपसायला घेतली. दाणे हातातून पाण्यासारखे निसटत होते. दिराचे ओठ निळे पडले, पापण्या मिटू लागल्या.

"डोळे उघड. तुझ्या लेकीला मी काय सांगू?"

"सांग... बाबाला... मुरायला ठेवलाय."

वहिनीला हसू आलं नाही. ती उपसत राहिली.

कंबर मोकळी झाल्यावर त्याने एवढा मोठा श्वास घेतला की मामा दचकले. दोराने त्याला वर काढलं. बरगड्या दुखावल्या होत्या, जीव वाचला होता.

वहिनीने टाकीच्या तोंडावर लोखंडी जाळी बसवून घेतली. दीर पुढच्या पेरणीला शेतावर गेला, पण मोहरीच्या पोत्यात त्याला हात घालवेना. पेरणी यंत्राने करून घेऊ, एवढंच म्हणाला. वहिनीने त्याच दिवशी यंत्र ठरवलं.