रूथनं पुन्हा काढलेली चित्रं

रूथ मूळची अमेरिकेतली, ओहायोची. तिकडच्या मुलांच्या मासिकांसाठी ती वर्षानुवर्षं चित्रं काढायची. साताऱ्याच्या श्रीनिवासशी लग्न झालं, त्यांना चंडीगढच्या मेडिकल इन्स्टिट्यूटमध्ये नोकरी लागली आणि ती इथं आली. आल्यावर म्हणाली, "दुसऱ्यांच्या गोष्टींची चित्रं पुष्कळ काढली. आता माझी."

मग ती पिंजौरच्या रस्त्यावर जाऊन शिवालिकचे डोंगर रंगवू लागली. मोठमोठे कॅनव्हास, त्यात माणूस एकही नाही. पन्नाशीनंतर तिचं नाव झालं. न्यूयॉर्कमध्ये प्रदर्शन ठरलं.

त्याच हिवाळ्यात श्रीनिवासना पक्षाघाताचा झटका आला. जीव वाचला, पण इंग्रजी पार पुसलं गेलं. उरली ती लहानपणची मराठी. नवरा-बायको जन्मभर इंग्रजीतच बोललेले. रूथला मराठी येत होती ती 'जेवण', 'पुरे', 'घर', 'कुणी नाही' एवढीच.

मी शेजारची, मराठी घरातली, म्हणून दुपारी दुभाषी होऊन जायची. एरवी रूथनं पुन्हा पेन्सिल धरली. पाण्याचा ग्लास, रजई, उघडी खिडकी असं काढून ती समोर धरायची आणि ते हवं त्यावर बोट ठेवायचे. प्रदर्शन तिनं रद्द केलं.

एकदा ते मला हळूच म्हणाले, "या बाई फार सुरेख काढतात हो. दिवसभर इथंच असतात. यांच्या घरी कुणी नाही का?"

"काय म्हणाले?" रूथनं विचारलं.

"तू सुरेख काढतेस म्हणाले."

"आणि घराचं काय?"

मला सांगावं लागलं. तिनं पेन्सिल खाली ठेवली. मग म्हणाली, "नवरा आहे म्हणावं."

मी सांगितलं. श्रीनिवासचा चेहरा उजळला. "मग त्यांना वेळेवर सोडा. बिचारे वाट बघत असतील."

हे मी तिला सांगितलं नाही. तिनंही विचारलं नाही. रजई नीट केली आणि स्वयंपाकघरात गेली.

मार्चमध्ये ते गेले. न्यूयॉर्कहून पुन्हा विचारणा आली, रूथनं नकार कळवला. रंगांना ती हात लावत नाही. मला मात्र म्हणाली, "मराठी शिकवशील?"

आता कुणाशी बोलणार, हे मी विचारलं नाही. आम्ही दुपारी बसतो. तिला 'ळ' अजून जमत नाही.