‘हो सर’ची तालीम

पीएचडीचा व्हायवा, म्हणजे शेवटची तोंडी परीक्षा, खुला असतो. कुणीही येऊन बसावं, कुणीही प्रश्न विचारावा, असं नियमात लिहिलेलं आहे. प्रत्यक्षात येतात ती विद्यार्थ्याची घरची माणसं, आणि त्यांचं निम्मं लक्ष जेवणाकडे. बुद्धप्रियाच्या व्हायवाला भोकरहून तिची माय, धुरपताबाई, एकटीच आली. बाप मारोती तहसील कचेरीत चौकीदार. त्याला पाळी बदलून मिळाली नाही, म्हणून त्यानं एसटीच्या खिडकीत तोंड घालून बायकोला बजावलं, “शेवटपर्यंत बस. मधीच उठून येऊ नको.”

“हाव,” धुरपताबाई म्हणाली. हाव म्हणजे हो, आणि ती सगळ्यांनाच हाव म्हणायची. शाळेत खिचडी शिजवायची, तिथं हेडमास्तरांना हाव, तांदूळ आणणाऱ्याला हाव, उशिरा आलेल्या तपासनिसाला तर दोनदा हाव. हाव म्हटलं की माणूस पुढे जातो आणि आपलं काम आपल्याला करता येतं, हा तिचा जन्माचा अनुभव.

आदल्या दिवशी ती नांदेडला विद्यापीठाच्या वसतिगृहात लेकीच्या खोलीवर उतरली. लेक अकाउंटन्सीत डॉक्टर होणार, एवढं तिला ठाऊक होतं. कशी होणार ते तिथं दिसलं. जगभरची संशोधनाची मासिकं विद्यापीठाच्या वायफायवरच उघडतात. सुटीला लायब्ररीला कुलूप लागलं, की ही शिकलीसवरली पोरं बाहेरच्या पायऱ्यांवर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसतात. बुद्धप्रियाची पायरी ठरलेली होती. तिची मैत्रीण दिपालीनं ती कौतुकानं दाखवली. धुरपताबाई पायरीवर बसली. दगड चांगलाच तापलेला होता.

“हितं बसून शिकून राहिलीस व्हय गं?”

“हितंच सिग्नल येतो, माय.”

बुद्धप्रियाचा विषय लातूरच्या डाळ मिलचा. डाळीला खरा खर्च किती येतो, तो कसा मांडावा. मिलवाले चहा पाजायचे, ‘ताई, पुढच्या आठवड्यात या’ म्हणायचे आणि आकडा एकही द्यायचे नाहीत. शेवटी गुरुबसप्पा नावाच्या एका मिलवाल्यानं, तिच्या चकरांना कंटाळून म्हणा की कौतुकानं, आपलं हिशेबाच्या वह्यांचं कपाट उघडून दिलं. त्यानं दिलं म्हटल्यावर बाकीच्यांनीही दिलं.

दुपारी मेसमध्ये तालीम झाली. ही त्या विभागाची जुनी रीत. व्हायवाच्या आदल्या दिवशी सगळे संशोधक जमतात आणि एक जण बाहेरून येणारा परीक्षक होतो. रविकांतनं खांद्यावर शालीच्या जागी टॉवेल घेतला, घसा खाकरला आणि नाही नाही ते प्रश्न विचारले. उत्तर मात्र सगळ्यांना एकच पाठ होतं : “हो सर, पुढच्या अभ्यासात ते नक्की घेते.”

“बाहेरच्या परीक्षकाला ‘नाही’ म्हणायचं नाही,” टॉवेल काढत रविकांत म्हणाला. “एक नाही म्हणालीस, की तो प्रबंध वर्षभर परत पाठवू शकतो. सोमवारी लातूरच्या कॉलेजात तुझी नोकरीची मुलाखत आहे. ध्यानात ठेव.”

“हाव म्हन बाई,” धुरपताबाईला हे शिक्षण एकदम पटलं. “हाव म्हनल्यानं आपलं काय जातंय?”

बुद्धप्रिया प्रबंधाची पानं चाळत होती.

दुसऱ्या दिवशी सभागृहात धुरपताबाई दाराजवळच्या शेवटच्या खुर्चीत बसली. मार्गदर्शक सौदामिनी मॅडम स्वतः येऊन म्हणाल्या, “पुढे या ना, मावशी.” धुरपताबाई “हाव, हाव” म्हणाली आणि जागची हलली नाही.

पुण्याहून आलेले परीक्षक दत्तोपंत सर मधोमध बसले होते. मॅडमही त्यांचंच पुस्तक वाचून शिकलेल्या. सुरुवातीला सगळं गोड चाललं. मग सरांनी प्रबंधात बोट घालून एक पान उघडलं.

“तुरीची डाळ करताना जी चुनी निघते, तिच्यावर तुम्ही खर्चाचा वाटा टाकलाय.”

चुनी म्हटल्यावर धुरपताबाईचे कान टवकारले. आपल्या म्हशीचं खाणं इथं कसं आलं?

“चुनी टाकाऊ. टाकाऊ मालावर खर्च टाकत नाहीत. हे तक्ते काढून टाकते, एवढं म्हणा. मी आत्ता सही करतो.”

सगळ्या संशोधकांचे ओठ हलले. रविकांत तर डोळ्यांनीच ओरडत होता. मॅडम टेबलाकडे बघत राहिल्या. धुरपताबाईनं पदर घट्ट धरला. म्हन बाई. हाव म्हन.

“नाही, सर.”

रविकांतनं कपाळावर हात मारला.

“लातूरला मिलवाला तूर घ्यायच्या आधी चुनीचा भाव विचारतो, सर,” बुद्धप्रिया म्हणाली. “चुनीचा भाव पडला की तो तूर कमी भावानं मागतो. जिच्या भावावर तुरीचा सौदा ठरतो, ती टाकाऊ कशी? आपण तिला टाकाऊ लिहिलं, तर हिशेबातून तिचं नाव जाईल. मिलमधून ती जाणार नाही. ते तक्ते मी काढणार नाही, सर.”

दत्तोपंतांनी आणखी खोदलं. हंगाम बदलला तर? मिल लहान असली तर? ती प्रत्येक वेळी पान काढून दाखवत गेली. धुरपताबाईला आकडे कळत नव्हते. पण आपली लेक एका मोठ्या माणसाच्या डोळ्यांत डोळे घालून, आवाज न चढवता, आपलं म्हणणं धरून उभी आहे, हे तिला स्वच्छ दिसत होतं. एवढ्या आयुष्यात तिनं असं कुणाला बघितलं नव्हतं. मघाची भीती कुठल्या कुठे गेली आणि तिचा ऊर भरून आला.

शेवटी सरांनी चष्मा काढला. “मला अजून पूर्ण पटलेलं नाही,” ते म्हणाले. “पण यांची बाजू टिकते. आणि प्रबंध टिकलाच पाहिजे, मला पटला पाहिजे असं नाही. पदवी द्यावी, अशी मी शिफारस करतो.”

टाळ्यांनी सभागृह दणाणलं. धुरपताबाई शेवटच्या खुर्चीतून उठली आणि कुणी न बोलावता सगळ्या रांगा ओलांडून सरळ पुढे गेली, लेकीला लागून उभी राहिली.

मग शाल झाली, पुष्पगुच्छ झाला, फोटोची वेळ आली. विभागातला आलोक मोबाईल धरून सगळ्यांना हात करत होता. “मावशी, जरा कडेला सरका. सरांना मधी येऊ द्या.”

धुरपताबाईनं सवयीनं तोंड उघडलं. लेकीकडे बघितलं.

“न्हाई,” ती म्हणाली.

आलोक गडबडला. दत्तोपंत सर मात्र हसले, स्वतःच कडेला जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, “काढा फोटो.”