तरुण दिला, म्हातारा घेतला

"लुटलं! भरदिवसा लुटलं आपल्याला!" असं म्हणत मास्तरांनी हात उगारला आणि त्यांचं मशीन बोंबलायला लागलं.

"हात सरळ!" सिस्टर तिकडूनच ओरडली. "सुया आहेत हातात, मास्तर. भांडायचंच असेल तर नुसत्या तोंडाने भांडा."

आठवड्यातून तीन दिवस, सकाळी सात ते अकरा, आम्ही चौघं डायलिसिसच्या खोलीत चार खुर्च्यांवर पडलेलो असतो. पहिल्या खुर्चीवर गणिताचे मास्तर, दुसऱ्या खुर्चीवर निवृत्त पोस्टमन, तिसऱ्या खुर्चीवर मी आणि चौथ्या खुर्चीवर चष्म्याच्या दुकानात काम करणारी चोवीस वर्षांची पोरगी. रक्त नळीतून बाहेर जातं, मशीनमध्ये साफ होतं आणि परत येतं. तेवढा वेळ माणसाने करायचं काय? समोर भिंतीवर टीव्ही आहे आणि टीव्हीवर बास्केटबॉल. आमच्या शहराचा संघ गेल्या नऊ वर्षांत काही म्हणजे काही जिंकलेला नाही, त्यामुळे बोलायला विषय कमी पडत नाहीत.

त्या दिवशीची बातमी म्हणजे कहर होता. संघाने भिंगरीला, म्हणजे आम्ही हे नाव ठेवलेल्या खेळाडूला, दुसऱ्या संघाला देऊन टाकलं होतं. बावीस वर्षांचा, पायाला चाकं लावल्यासारखा पळणारा आमचा भिंगरी! आणि बदल्यात घेतलं कुणाला, तर खांबाला. वय छत्तीस, दोन्ही गुडघ्यांना पट्टे.

"आकडे बघा," मास्तर म्हणाले. "भिंगरी अजून दहा वर्षं खेळेल. खांब फार तर दोन. दहा देऊन दोन घेतले! माझ्या वर्गातलं सगळ्यात ढ पोरगं असलं गणित करणार नाही."

"ते आकडे घाला चुलीत," पोस्टमन म्हणाले. "शेवटच्या मिनिटाला चेंडू हातात आला की तुमच्या भिंगरीची तंतरते. खांब कधी घाबरलेला पाहिलाय?"

"घाबरला तरी पळणार कसा? गुडघे कुठायत?"

पोरगी हसली. "मी पोस्टमनकाकांच्या बाजूने. खांबाने बारा वर्षांत एक सामना चुकवलेला नाही. रोज न चुकता कामावर येणारा माणूस मिळत नाही हो काका, आमच्या दुकानात येऊन विचारा."

मग तिघांनीही माझ्याकडे पाहिलं. या खोलीत शेवटचा निकाल माझा असतो. मी लिफ्टचा मेकॅनिक. सत्तावीस वर्षं खालच्या मजल्यावरून वरच्या मजल्यावर ओरडून ओरडून माझा आवाज असा झालाय की मी बोललो की बाकीचे आपोआप गप्प होतात.

"बोला पंच," पोस्टमन म्हणाले.

बोलायला नको होतं. पण सकाळपासून मी घाबरलेला होतो, आणि भीती वाटली की मला राग येतो, हा माझा जुना रोग. "यात बोलायचंय काय?" मी म्हणालो. "तरुण दिला आणि म्हातारा घेतला! ही कसली अदलाबदल? झिजलेला माल गळ्यात मारलाय आपल्या. मी असतो तर त्या कागदावर सही केली नसती. मेलो असतो तरी केली नसती!"

"शाब्बास!" मास्तर म्हणाले.

पोरीने चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली आणि टीव्हीकडे बघत राहिली. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. मी जीभ चावली, पण आता चावून काय उपयोग?

कारण एक अदलाबदल आमचीही ठरली होती. माझ्या बायकोला मला किडनी द्यायची होती, पण रक्तगट जुळेना. या पोरीच्या बापाला पोरीला द्यायची होती, तिथेही तेच रडगाणं. मात्र बायकोची पोरीला जुळत होती आणि बापाची मला. हॉस्पिटलमधल्या फॉर्मवाल्या बाईंनी हा मेळ बसवला. बायकोचं वय सेहेचाळीस, पोरीच्या बापाचं एकसष्ट. येत्या मंगळवारी सहाव्या मजल्यावर चौघांचीही ऑपरेशनं एकाच वेळी होणार होती, म्हणजे अर्ध्यातून कुणाला पळ काढता येऊ नये. तिघांच्या सह्या झाल्या होत्या. माझी राहिली होती आणि ती आज बारा वाजेपर्यंत करायची होती.

मास्तर आणि पोस्टमन यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. पोरीला सगळं ठाऊक होतं. तिच्या देखत मी तिच्या बापाला झिजलेला माल म्हणून बसलो होतो.

खरं सांगू? म्हाताऱ्या किडनीची मला काडीची फिकीर नव्हती. मला भीती होती ती बायकोसाठी. धडधाकट बाई, शिवणाच्या कारखान्यात दिवसाला दोनशे काजं करते, कधी डोकं दुखतंय म्हणून घरी बसलेली नाही. तिला टेबलावर झोपवायचं, कापायचं आणि आतली चांगली चालू वस्तू काढून घ्यायची! डॉक्टर म्हणतात, माणसाला एक पुरते. ते म्हणणारच. मी यंत्रातला माणूस. दोनातला एक पंप काढून नेला आणि पुढे दुसरा बंद पडला, तर? आठ दिवस माझं डोकं तिथेच अडकलं होतं. तिच्या हातून भांडं पडलं तरी मी धावत जायचो. ती उलट मलाच चिडवायची. "अहो, बरंच आहे की. एक काढली की कपडे तरी सैल होतील."

माझ्या मनाने एक सोपं गणित मांडलं होतं. सही केली नाही तर तिला कुणी हात लावणार नाही. मी या खुर्चीवर आणखी काही वर्षं काढीन. मग पोरीचं काय, हे मी स्वतःला विचारतच नव्हतो.

अकराला सिस्टरने माझ्या सुया काढल्या. मी कापूस दाबून बसलो आणि माझं दाराकडे लक्ष गेलं. दार अर्धवट उघडं होतं. बाहेरच्या बाकावर पोरीचा बाप बसला होता. शाळेत माळीकाम करणारा किरकोळ माणूस, नखांतली माती धुऊनही न गेलेली. माझी त्याची नजरानजर झाली तसा तो उठून आत आला. पोरीने डोळे मिटून घेतले होते. झोपली होती की नाही, देव जाणे.

"भाऊ, जरा बोलू का?"

"बसा ना."

तो बसला नाही. "तुमचं खेळाचं चाललं होतं, ते बाहेर ऐकू आलं मला. मला त्यातलं काही समजत नाही. तरी म्हटलं, सांगून टाकावं." त्याने आवाज खाली आणला. "माझी चांगली आहे हो. डॉक्टरांनी तीनदा तपासली. बिडी नाही, दारू नाही. आत्तासुद्धा चार मजले जिन्याने चढून आलो, मधे कुठे टेकलो नाही." त्याने खिशातून घडी घातलेले रिपोर्ट काढले आणि माझ्या हातात कोंबले. "वय झालंय, ते काही लपत नाही. पण ती तुम्हाला दगा देणार नाही. तुम्ही नाही म्हणालात, तर माझी पोरगी..."

कागद अजून आम्ही दोघांनीही धरलेले होते.

इतकी शरम मला जन्मात वाटली नव्हती. हा माणूस स्वतःचं पोट फाडून मला देणार, आणि वर मलाच विनवतोय की घ्या म्हणून! काहीतरी बोलायला हवं होतं. तोंडाला आलं ते धंद्यातलंच आलं. "अहो, पण चार मजले जिन्याने कशाला? लिफ्ट बंद आहे का?"

तो ओशाळला. "लिफ्टची भीती वाटते मला. दोर तुटला तर? मंगळवारी तिच्यातूनच नेणार म्हणतात, आडवं निजवून. ऑपरेशनची नाही हो वाटत, पण तिची वाटते. हसू नका."

मी कसला हसतोय! "इकडे बघा," मी म्हणालो. "इथल्या लिफ्टला सहा दोर आहेत. तीन वर्षांपूर्वी मी स्वतः बदललेत. आणि सहा लागतसुद्धा नाहीत. अख्खा डबा, माणसांसकट, एकटा दोर पेलतो."

"एक पुरतो?"

"एक पुरतो," मी म्हणालो आणि तिथेच थांबलो.

सत्तावीस वर्षं मी हे लोकांना सांगत आलोय. बंद डब्यातून बाहेर काढलेल्या, घामाघूम झालेल्या माणसांना सांगितलंय. त्यांनी वर जाऊन दोर मोजले नाहीत. ज्याचं काम आहे तो सांगतोय, म्हणून विश्वास ठेवला. आणि मी शहाणा डॉक्टरांवर आठ दिवस डाफरत होतो. भीती तेवढ्याने गेली असं मात्र नाही. ती होती तिथेच होती.

दारात बायको उभी होती. कधीची आली होती कोण जाणे. मागे फॉर्मवाल्या बाई. "पुन्हा भांडलात ना कुणाशी?" बायको म्हणाली. "चेहराच सांगतोय."

मी पेन मागितलं. सही वेडीवाकडी झाली. बाईंनी ती निरखून पाहिली. "तुमची सही अशीच असते?"

"आज अशीच आहे."

आता मास्तर आणि पोस्टमन यांनाही काय ते उमगलं होतं. पोस्टमनांनीच हळूच विचारलं, "पंच, मग खांबाचं काय?"

"राहू द्या त्याला," मी म्हणालो. "मी उगाच बोललो. चांगला आहे तो."

पोरीने डोळे उघडले. "मंगळवारी भेटू, काका," एवढंच म्हणाली. तिचं मशीन आज उशिरा लागलं होतं, अजून अर्ध्या तासाचं रक्त बाकी होतं.

"चला," मी माळीबुवांना म्हटलं. "लिफ्टने खाली जाऊन परत येऊ. मंगळवारी नवीन वाटायला नको."

आम्ही तिघं लिफ्टमध्ये शिरलो. त्याने माझा सुया न टोचलेला हात घट्ट पकडला आणि डोळे मिटले. दार लागलं. डबा जरासा हिसका देऊन निघाला. "सहा," तो पुटपुटला. "सहा आहेत." मी म्हटलं, "सहा आहेत."

तेवढ्यात मागून माझा शर्ट ओढला गेला. बायकोने पाठीकडून शर्ट मुठीत धरला होता. लग्नाला चोवीस वर्षं झाली, माझ्याबरोबर शंभर लिफ्टमधून फिरली असेल, पण असं तिने कधी धरलं नव्हतं.

"अहो," ती अगदी बारीक आवाजात म्हणाली, "एक पुरते ना?"

"पुरते," मी म्हणालो.

मी मागे वळून पाहिलं नाही. माझा चेहरा तिला दिसायला नको होता. दारावरचे आकडे बदलत होते, तीन, दोन. तिने मूठ सोडली नाही आणि मीही सोड म्हणालो नाही.