गोठलेला पंप

"मास्टर, फिरवू का किल्ली?" ड्रायव्हर ट्वुमासीनं पुन्हा विचारलं.

"फिरवलीस तर बोटं तोडीन," बसखालून अफ्राकोमा म्हणाली.

कुमासी शहराच्या गॅरेजवस्तीत तिनं स्वतःच्या नावावर बांधलेलं हे पहिलं इंजिन. बसभोवती सुतकाची काळी-तांबडी लुगडी नेसलेल्या बाया ताटकळत होत्या. त्यांना गावी मयताला पोचायचं होतं. उशीर झाला, तर भावकी जन्मभर बोलणार. पण तेल वर चढण्याआधी इंजिन सुरू झालं, तर नवी बेअरिंगं बघता बघता खरवडून निघणार. मग बस गेली, आणि अफ्राकोमाचं नावही.

म्हणून इंजिनावरचं झाकण काढलेलं. इंजिन पहारीनं हातानंच फिरवायचं, सुरू न करता. वर तेल दिसेपर्यंत.

फिरवलं. तेल नाही.

फिरवलं. तेल नाही.

"पंपाला उपास घडवलास की काय?" बायांमधली म्हातारी, एनो पोकुआ, पुढे आली.

"त्यात शिया बटर भरलंय, आजी. त्याशिवाय कोरडा पंप तेल ओढत नाही. इथे सगळे तेच भरतात."

"कधी भरलंस?"

"परवा दुपारी."

"आणि कालपासून वाळवंटाचा गार वारा सुटलाय! अगं, सकाळी माझ्या डबीतलं बटर चमच्यानं निघेना. दगड झालाय त्याचा!"

हे अफ्राकोमाला सुचायला हवं होतं.

मग गरम पाणी. शेजारच्या लापशीच्या टपरीवरून, पातेलंभर. त्यात गोणपाटं बुडवून पंपाभोवती गुंडाळली.

थांबायचं.

थांबवेना.

"चला गं, धरा!" एनोनं लुगडं खोचलं. बायांनी पहार धरली. कुणीतरी मयताचं गाणं उचललं, आणि त्याच्या ठेक्यावर इंजिन फिरू लागलं.

तेल नाही.

तेल नाही.

तेल ना—

वरच्या दांडीच्या भोकाशी एक थेंब फुगला. घरंगळला. मागून दुसरा. मग धारच.

"पान्हा फुटला!" एनो ओरडली. मयताला निघालेल्या बाया खदखदून हसल्या.

अफ्राकोमानं झाकण आवळलं. "आता फिरव."

इंजिन खोकलं, आणि सुरू झालं. तेलाचा काटा सरळ वर गेला. तरी ती वाकून, कान लावून ऐकत राहिली. खरखर नाही.

बाया भराभर चढल्या. एनो शेवटी. तिचे हात मनगटापर्यंत तेलानं माखलेले. अफ्राकोमानं फडकं पुढे केलं.

"राहू दे." म्हातारीनं हात लुगड्यालाच पुसले. "काळं आहे. दिसत नाही."